माणसाच्या मुखातले पाणी

आपल्याकडे पाण्याचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुधा धरणांचा, कालव्यांचा आणि राजेरजवाड्यांनी बांधलेल्या तळ्यांचा इतिहास असतो. तळे कोणी बांधले, खर्च किती आला, शिलालेखावर नाव कोणाचे, हे इतिहासकार नोंदवतो. त्या तळ्याला कोणाचा हात लागू शकत नव्हता, हे शिलालेखात नसते. म्हणून ते इतिहासातही येत नाही. पाणी किती होते यापेक्षा ते आपल्या स्पर्शाने बाटते की नाही, हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला आला त्यांनाच हा दुसरा इतिहास लिहावा लागतो. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपल्या या दुसऱ्या इतिहासाची ही ठळक पाने आहेत.

परंतु हा इतिहास केवळ आपल्याच देशाच्या वाट्याला आलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीकडे अमेरिकेत, शिकागो शहरात होतो. तेथील एका सार्वजनिक कारंज्यावर नातवंडांना घेऊन अनेकदा जाणे झाले. मुले पाण्यात खेळत आणि मी काठावर बसून राही. परत आल्यावर मित्रांनी विचारले, ‘अमेरिकेत काय पाहिले?’ मी म्हणालो, ‘पाणी पाहिले.’ त्यांना ती थट्टा वाटली. परदेशातल्या रुंद रस्त्यांनी दिपून जाणाऱ्यांचे साहित्य मराठीत भरपूर आहे; त्यात भर घालण्याची मला हौस नाही. आज ज्या पाण्यात कोणाचेही मूल विनासायास खेळते, ते पाणी मोकळे होण्याआधी त्या शहरात कोणाची मुले बुडाली, कोणाची मुले झोडपली गेली, हे आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

*

शिकागोच्या मध्यभागी, मिशिगन सरोवराच्या बाजूला, मिलेनियम पार्क नावाचे सुमारे २५ एकरांचे उद्यान आहे. पूर्वी येथे रेल्वेचे रूळ होते. त्यांच्यावर छत घालून हे उद्यान उभारण्यात आले आणि २००४ च्या जुलैत ते लोकांसाठी उघडले. त्याच्या एका कोपऱ्यात ‘क्राउन फाउंटन’ हे कारंजे आहे. ते कातालोनियाचे शिल्पकार जाउमे प्लेन्सा यांच्या कल्पनेतून साकारले. काळ्या ग्रॅनाइटची २३२ फूट लांब आणि ४८ फूट रुंद फरशी आणि तिच्या दोन टोकांना समोरासमोर काचेच्या विटांचे ५० फूट उंचीचे दोन मनोरे, अशी त्याची रचना आहे. फरशीवर पाणी असते ते तळपाय भिजतील इतकेच. कठडा नाही, पायरी नाही, तिकीट नाही. रस्त्यावरून चालत येणारा माणूस सरळ पाण्यात पाऊल टाकतो.

मनोऱ्यांच्या आत असंख्य एलईडी दिवे आहेत. त्यांतून विटांवर एक प्रचंड मानवी चेहरा उमटतो. हे चेहरे राजांचे नाहीत, पुढाऱ्यांचे नाहीत, देणगीदारांचेही नाहीत. शिकागोत राहणाऱ्या सुमारे १,००० सामान्य माणसांचे चेहरे तेथील कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने चित्रित करून घेण्यात आले. काळे, गोरे, आशियाई, मेक्सिकन, म्हातारे, तरुण. एक चेहरा काही मिनिटे दिसतो, डोळे मिटतो, उघडतो, मग ओठांचा चंबू करतो आणि त्या तोंडातून पाण्याची जाड धार बाहेर पडते. ती धार कधी येणार हे मुलांना अनुभवाने कळते. ती आधीच त्या तोंडाखाली गर्दी करून उभी राहतात.

युरोपातल्या जुन्या इमारतींवर दगडी राक्षसमुखे कोरलेली असतात आणि त्यांतून पावसाचे पाणी खाली पडते. प्लेन्सा यांनी ती परंपरा उचलली आणि राक्षसाच्या जागी शहरातला नागरिक बसवला. आपल्याकडे त्या जागी गोमुख असते. कुंडात, तळ्याच्या भिंतीत, घाटावर दगडी गाईच्या तोंडातून पाणी पडते आणि भाविक ते तीर्थ म्हणून डोक्याला लावतात. गाईच्या मुखातले ते तीर्थ. माणसाच्या मुखातले ते उष्टे. आणि विशिष्ट माणसाच्या मुखातले ते उष्ट्याहूनही भयंकर! पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडून त्यावर अजाणता पाय देणारा सवर्ण बाटू नये. बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ज्यांच्या तोंडाला मडके बांधले गेले त्यांचा मी वारस आहे. म्हणून एके दुपारी त्या मनोऱ्यावर एका वृद्ध काळ्या बाईचा चेहरा उमटला, तिने ओठ पुढे केले आणि तिच्या तोंडातले पाणी खाली जमलेल्या गोऱ्या, काळ्या, पिवळ्या, सावळ्या मुलांच्या अंगावर पडले, तेव्हा माझे लक्ष मुलांकडे नव्हते. मी त्यांच्या आयांकडे पाहत होतो. एकीनेही आपले मूल मागे ओढले नाही. एका गोऱ्या बाईने आपले तान्हे मूल उलट पुढे धरले.

कोणी म्हणेल, हे नळाचे पाणी, यंत्राने सुटलेले. काचेवरच्या चित्राच्या तोंडून आले म्हणून काय झाले? बरोबर आहे. प्रतीकाने कोणाचे पोट भरत नाही. पण याच शहरात शंभर वर्षांपूर्वी काय चालले होते ते पाहिले म्हणजे हे प्रतीक उभे राहायला काय लागले याची कल्पना येते.

*

या कारंज्यापासून सुमारे तीन मैल दक्षिणेला, सरोवराच्या काठी, २९व्या रस्त्याचा किनारा होता. १९१९ साली तो गोऱ्यांचा समजला जाई. काळ्यांचा किनारा त्याच्या थोडा उत्तरेला. मध्ये भिंत नव्हती, दोरी नव्हती, पाटी नव्हती. सरोवराच्या पाण्यावर रेघ ओढता येत नाही; ती माणसांच्या मनात ओढलेली होती. कायद्याने तर ती मुळीच नव्हती. इलिनॉय राज्याने सार्वजनिक स्थळी वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा १८८५ सालीच केला होता.

१९१९ च्या २७ जुलैला, कडक उन्हाच्या रविवारी, यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर एका तराफ्यावर पोहत होता. तराफा वाहत वाहत त्या न दिसणाऱ्या रेघेपलीकडे गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारायला सुरुवात केली. यूजीन बुडाला. मित्रांनी दगड मारणारा दाखवला, तरी जागेवरच्या गोऱ्या पोलिसाने त्याला अटक केली नाही. त्या संध्याकाळी शहर पेटले. ३ ऑगस्टपर्यंत चाललेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. त्यांत २३ काळी होती आणि १५ गोरी. ५०० हून अधिक जखमी झाले. सुमारे १,००० काळी कुटुंबे बेघर झाली.

या मुलाने सत्याग्रह केला नव्हता. त्याच्या हातात निवेदन नव्हते. उकडत होते म्हणून तो पाण्यात उतरला होता. पाण्याच्या बाबतीत मुलांची हीच अडचण असते. मोठ्या माणसाला रेघ दिसते आणि तो थबकतो. मुलाला पाणी दिसते आणि ते उतरते. म्हणून पाण्याच्या इतिहासात पहिला बळी पुष्कळदा मुलाचा जातो. २०२२ साली राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात ९ वर्षांचा एक दलित विद्यार्थी मरण पावला. शाळेतल्या शिक्षकाच्या माठातले पाणी प्याल्याबद्दल त्याला मारहाण झाली, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला. १९१९ आणि २०२२. एकीकडे सरोवर, दुसरीकडे माठ. भांडे लहानमोठे असेल, रेघ तीच आहे.

*

अमेरिकेतल्या पोहण्याच्या सार्वजनिक तलावांचा इतिहास जेफ विल्टसी या इतिहासकाराने लिहिला आहे. त्यातली एक गोष्ट आपल्याला विचार करायला लावणारी आहे. उत्तरेकडच्या शहरांत सुरुवातीला तलावांवर विभागणी होती ती स्त्री-पुरुषांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले आणि त्याबरोबर काळ्यांना बाहेर काढले जाऊ लागले. गोरी स्त्री आणि काळा पुरुष एका पाण्यात नकोत, हे त्यामागचे भय. जातीची रेघ स्त्रीच्या देहावरून जाते हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पाणवठा आणि स्त्री या दोन्हींवर पहारा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही. तिकडे वर्णही टिकत नव्हता.

पुढे न्यायालये आणि चळवळ यांच्या रेट्याने तलाव खुले करण्याची वेळ आली, तेव्हा गोऱ्या सत्तेने काय केले? अनेक ठिकाणी तिने पाणीच काढून टाकले! अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराने १९५९ च्या आरंभी आपली सारी उद्याने बंद केली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात गोऱ्यांसाठी चार आणि काळ्यांसाठी एक असे पाच तलाव होते. एकत्र पोहण्यापेक्षा शहराने आपल्या मालकीचे चार बंद केले आणि पाचव्याचा भाडेपट्टा सोडून दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की, तलाव सर्वांनाच बंद केल्यामुळे यात भेदभाव नाही. समतेचा असा अर्थ लावता येतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवावे. ज्या गोऱ्यांना परवडत होते त्यांनी घरामागे स्वतःचे तलाव खणले, खाजगी क्लब काढले. काळ्यांसाठी दार उघडले तोवर आत पाणी उरले नव्हते.

मला यात परके काहीच वाटले नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. तिचे वारे पुढे आमच्या मराठवाड्यातल्या गावापर्यंतही आले. आमच्या वस्तीतल्या बाया पोलीस बंदोबस्तात गावच्या विहिरीवर चढल्या. कोणी अडवले नाही. पण वर्षभरात गावातल्या मोठ्या घरांनी मळ्यांत आपापल्या विहिरी खणून घेतल्या आणि गावची विहीर ‘त्यांची विहीर’ झाली. पुढे तिच्यातला गाळ काढायलाही कोणी पैसा मंजूर करीना.

*

पाणी नाकारता येते, काढून घेता येते, तसे ते शस्त्र म्हणूनही वापरता येते. १९६३ च्या मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात काळी शाळकरी मुले वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पोलिसांनी कुत्री सोडली आणि आगीच्या बंबांचे पाणी सोडले. त्या पाण्याच्या माराने मुले रस्त्यावर लोळली. त्याची छायाचित्रे जगभर गेली. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला.

कायदा झाला म्हणजे पाणी मोकळे झाले असे नाही, हे शिकागोने १९६६ साली दाखवून दिले. अमेरिकन शहरांत बंबांना पाणी पुरवण्यासाठी फुटपाथच्या कडेला लोखंडी नळ उभे असतात. उन्हाळ्यात गरीब वस्तीतली मुले ते उघडून त्यांच्या धारेत भिजतात. श्रीमंताला तलाव आणि गरिबाला रस्त्यावरचा नळ, हा तिथला जुना रिवाज. १२ जुलै १९६६ रोजी उष्म्याने शहर भाजत असताना, पश्चिम भागातल्या काळ्या वस्तीत मुलांनी असेच नळ उघडले. पोलीस आले आणि त्यांनी ते बंद केले. लोकांनी ते पुन्हा उघडले, पोलिसांनी पुन्हा बंद केले. आसपासचे बरेच तलाव गोऱ्या वस्तीत होते आणि तेथे गेलेले काळे मूल मार खाल्ल्याशिवाय परत येत नसे. मग या मुलांनी जायचे कुठे? संतापाचा भडका उडाला. तीन-चार दिवस दंगल चालली. दोन माणसे मेली, शेकडोंना अटक झाली, नॅशनल गार्डचे सैनिक आणावे लागले.

मार्टिन ल्यूथर किंग त्या वर्षी शिकागोतच राहायला आले होते. दोनच दिवस आधी त्यांनी घरांच्या हक्कासाठी प्रचंड सभा घेऊन महापालिकेच्या दारावर मागण्या चिकटवल्या होत्या. दंगलीनंतर महापौर रिचर्ड डेली यांनी काय मान्य केले? रस्त्यावरच्या नळांना फवारे बसवायचे आणि वस्तीत हलवता येण्याजोगे छोटे तलाव पाठवायचे. घरांचा प्रश्न तसाच राहिला. हक्क मागितला तर फवारा मिळाला, अशी त्या वेळी टीका झाली असेल तर ती रास्तच होती. पण तो फवाराही दोन जिवांची किंमत घेऊन मिळाला, हेही खरे. ती जागा आजच्या कारंज्यापासून सुमारे दोन मैलांवर आहे. नळ बंद केले ते १९६६ आणि कारंजे सुटले ते २००४. दोन मैल चालायला त्या शहराला ३८ वर्षे लागली.

याच पाण्याने एक पुढारीही घडवला. शिकागोच्या पश्चिमेला मेवुड नावाचे उपनगर आहे. तिथल्या काळ्या मुलांना पोहायला तलाव नव्हता. एका तरुणाने १९६० नंतरच्या दशकात ही मागणी हाती घेतली, मुलांना संघटित केले, मोर्चे काढले. त्याचे नाव फ्रेड हॅम्प्टन. पुढे तो ब्लॅक पँथर पक्षाच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष झाला. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घालून त्याला ठार केले. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. मेवुडमध्ये आज सार्वजनिक तरण तलाव आहे आणि त्याला हॅम्प्टनचे नाव आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते याच पक्षाकडून. पँथर म्हटले की आपल्याला आठवतात घोषणा आणि मोर्चे. त्यांच्या एका नेत्याची सुरुवात मुलांना पोहायला पाणी मिळावे एवढ्या मागणीपासून झाली होती, हे आपल्या तरुणांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

*

शिकागोत आणखी एक प्रसिद्ध कारंजे आहे. मिलेनियम पार्कच्या दक्षिणेला, ग्रँट पार्कमध्ये, बकिंगहॅम कारंजे. संगमरवराचे, भव्य, दिमाखदार. त्याचे उद्घाटन २६ ऑगस्ट १९२७ रोजी झाले. ते दुरून पाहायचे, आत उतरायचे नाही. नातीला मी सांगितले, ‘हे कारंजे आणि महाडचा सत्याग्रह एकाच वर्षीचे.’ तिने विचारले, ‘महाडला पण कारंजे होते का?’ ‘नाही. तिथे फक्त तळे होते. आणि तेही उघडेच होते.’

उघडेच होते, हा महाडच्या कहाणीतला सर्वांत बोचरा भाग आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव कागदावर राहिला. गुरेढोरे पाणी पीत होती. अस्पृश्य माणसे पीत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा त्या ठरावाला प्रथमच ओल लागली. त्यानंतर काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे: मारहाण झाली, आणि गाईचे शेण, मूत्र, दही, दूध घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत १३ वर्षे.

भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. समतेचे तत्त्व सांगताना संविधानाला विहिरीचे नाव का घ्यावे लागले, हे तळ्यावर डोकी फुटलेल्यांना समजावून सांगावे लागत नाही.

नातीचा पुढचा प्रश्न होता, ‘आजोबा, तुमच्या शाळेत पाणी कुठे होते?’ मी तिला सांगितले. शाळेत रांजण होता. शिपाई तांब्या भरून उंच धरी आणि आम्ही दोन-चार मुले खाली ओंजळ करून वाकत असू. अर्धे पाणी कोपरावरून ओघळून जाई. शिपाई घरी गेला की त्या दिवशी तहान घरापर्यंत न्यायची. ती विचारात पडली. मग म्हणाली, ‘पण तांब्या तर तिथेच होता ना? तुम्ही स्वतः का नाही घेतला?’

माझी मुलगी जवळच होती. ती मराठीतच, हळू आवाजात म्हणाली, ‘अण्णा, एवढ्या लहान मुलांना हे कशाला सांगता? त्यांना खेळू द्या ना.’ तिचे म्हणणे मला टाळता येत नाही. आमच्या पिढीने मुलांना शिकवले ते कोणाच्या वरून ओतण्याची वाट त्यांना पाहावी लागू नये म्हणून. ती वाट आता पाहावी लागत नाही, तर तिची आठवण तरी का द्यायची? अनेक शिक्षित दलित घरांत आज हा वाद आहे. काही घरांत तो वादही उरलेला नाही. तेथे मौन आहे.

माझे मत वेगळे आहे आणि त्याला कारणही इतिहासाचेच आहे. ‘तुम्ही स्वतः का नाही घेतला?’ हा प्रश्न त्या मुलीला पडला, कारण तिला रेघ दिसत नाही. ही फार मोठी कमाई आहे. पण १९१९ सालच्या त्या रविवारी यूजीन विल्यम्सलाही ती दिसली नव्हती. रेघ न दिसणे आणि रेघ नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला तिचा इतिहास माहीत नाही, तो ती पुन्हा ओढली जाताना ओळखणार कसा? मी मुलीला एवढेच म्हणालो, ‘खेळून झाल्यावर सांगतो. खेळाच्या आधी नाही.’ तिने ते मान्य केले. एका रविवारी आम्ही सारे २९व्या रस्त्याच्या बाजूला सरोवराकाठचा यूजीनच्या नावाचा लहानसा स्मृतिफलक पाहायला गेलो. सहा वर्षांच्या नातवाने विचारले, ‘त्याला पोहता येत होते?’ मी म्हणालो, ‘येत होते.’ तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

*

रेघ पुन्हा ओढली जाते, हे मी हवेत बोलत नाही. या कारंज्याच्याच मनोऱ्यांवर २००६ साली पाळत ठेवणारे कॅमेरे बसवण्यात आले. नागरिकांच्याच चेहऱ्यांच्या डोक्यावर नागरिकांवर नजर ठेवणारे डोळे! लोकांनी ओरड केली तेव्हा ते उतरवले गेले. २०२२ च्या मे महिन्यात या उद्यानात गोळीबारात १६ वर्षांचा एक मुलगा मेला. त्यावर शहराने फर्मान काढले की, गुरुवार ते रविवार संध्याकाळी सहानंतर अल्पवयीनांनी मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय उद्यानात यायचे नाही. एका मुलाचा जीव गेल्यावर काही करणे भागच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु अशा नियमाचा हात प्रथम कोणत्या रंगाच्या मुलाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न तिथल्या नागरी हक्कवाल्यांनी विचारला आणि तो योग्यच होता.

दुसरी गोष्ट त्याहून मूलभूत आहे. कारंज्याला सुमारे १७० लाख डॉलर खर्च आला. त्यातले १०० लाख क्राउन कुटुंबाने दिले आणि पाण्याला त्यांचे नाव लागले. त्याच शहरात घरांना पाणी पुरवणाऱ्या सुमारे ४ लाख जोडण्या शिशाच्या नळ्यांच्या आहेत. अमेरिकेतल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. १९८६ साली देशभर बंदी येईपर्यंत शिकागोचा नियमच शिशाची नळी वापरण्याचा होता. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. उद्यानातल्या पाण्यात सारी मुले एक होतात. घरी जाऊन नळाखाली पेला धरला की पुन्हा वस्ती आणि ऐपत सुरू होते. ज्याला परवडते तो नळी बदलून घेतो. खेळायच्या पाण्यातली समता दृष्टीस पडते. प्यायच्या पाण्यातली विषमता जमिनीखाली असते.

तरीही त्या कारंज्याला मी कमी लेखणार नाही. ती जमीन मोकळी राहिली याच्यामागेही एक जुने कागदपत्र आहे. सरोवराकाठच्या या जागेवर इमारती न बांधता ती सर्वांसाठी कायमची खुली ठेवावी, असे १८३६ च्या नकाशावर लिहिलेले होते. पुढे तिच्यावर बांधकामे होऊ लागली तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८९० पासून वीस वर्षे न्यायालयात झगडून त्या शब्दांची अंमलबजावणी करून घेतली. म्हणजे जागेला एक लेख लागला, लेखाला भांडणारा लागला, आणि ती जागा सर्वांची व्हायला यूजीनपासून हॅम्प्टनपर्यंतची माणसे लागली. शिल्पकार शेवटी आला. दाता त्याच्याबरोबर आला. पाटीवर नाव मात्र शेवटी आलेल्यांचे असते.

आपल्या गावोगावच्या शाळांतून आणि वस्त्यांतून काम करणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक गावात पाण्याची एक वंशावळ असते. विहीर कोणाची होती, हौद कोणत्या साली खुला झाला, पहिली घागर कोणी भरली, त्या दिवशी कोणाला मार बसला, आणि नंतर गावाने ते पाणी वापरले की सोडून दिले. हे सांगणारी म्हातारी माणसे झपाट्याने जात आहेत. महाडची तारीख आपण दरवर्षी साजरी करतो. आपल्या गावच्या विहिरीची तारीख आपल्याला माहीत नसते. विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन ती विचारून ठेवावी. नावे लिहावीत, विशेषतः बायांची, कारण घागर त्यांच्या डोक्यावर होती. आणि मुलांना ते पाणी दाखवायला न्यावे. आधी त्यांना मनसोक्त भिजू द्यावे, मग सांगावे.